ब्रेंटाखचे हातमोजे

१

रीमाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

ईमेल नव्हे, पत्रच. रेघांच्या कागदावर, पेनाने, मराठीत. अमेरिकेत जन्मलेल्या मुलीला एवढ्या ओळी लिहायला काय कष्ट पडले असतील याची मला कल्पना आहे, कारण ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या रविवारच्या मराठी शाळेत तिच्याकडून बाराखडी मीच गिरवून घेतली होती. तिने लिहिलं होतं, ‘काका, तुम्हालाही वाटतं का की पुस्तक मी घेतलं? फक्त हो किंवा नाही लिहा. बाकीचे काय म्हणतात ते मी बघून घेईन.’

हो की नाही, हेच मला कळत नव्हतं. मी पत्र घडी घालून टेबलाच्या खणात विजेच्या बिलांखाली सरकवलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा खण उघडला, तेव्हा तेव्हा तोंडाला कडवट पाणी सुटलं.

पुस्तक होतं आलोइस ब्रेंटाखचं. एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन नाटककार आणि कादंबरीकार. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही, व्हिएन्नातही कुणी ऐकलेलं नाही. तरुणपणी लिंत्सच्या एका खत कारखान्यात मी वर्षभर ट्रेनिंगला होतो, तेव्हा एका भंगारवाल्याकडे त्याचं ‘न्यायाधीशाची बायको’ हे नाटक मिळालं. त्याची दुसरी प्रत मी आजवर पाहिलेली नाही. पुढे सारं आयुष्य ह्यूस्टनच्या रिफायनऱ्यांत गेलं, आणि संध्याकाळी मी ब्रेंटाख वाचत बसलो. असल्या माणसावर एवढी वर्षं का घालवली, हा प्रश्न माझी बायको सरला विचारायची.

रीमा पूर्वेकडच्या एका विद्यापीठात जर्मन रंगभूमीवर पीएचडी करते. नाटक स्कॅन करून, भाषांतरासह सगळ्यांसाठी ऑनलाइन ठेवायचं, हाच तिचा प्रबंध. दसऱ्याला ती आईवडिलांकडे आली होती. सकाळी मी पुस्तकांची पूजा केली. सरला गेल्यावरही तेवढी एक गोष्ट मी चालू ठेवली आहे. ब्रेंटाख तिच्या जुन्या नारायणपेठ साडीच्या तुकड्यात बांधून चौरंगावर ठेवला. संध्याकाळी मंडळी सोनं द्यायला आली. (इथल्या नर्सरीतल्या ऑर्किड ट्रीची पानं हुबेहूब आपट्यासारखी असतात, त्यावर आम्ही भागवतो.) निघताना रीमाने गाठोडं उचललं, कपाळाला लावलं आणि पूजेतलं म्हणून न सोडताच नेलं.

विद्यापीठात, आपल्या प्राध्यापिकेसमोर, तिने गाठ सोडली. आत ब्रेंटाख नव्हता. रिफायनरीतल्या पंपांच्या देखभालीचं मॅन्युअल होतं, माझ्याच शेल्फवरचं.

२

“एवढ्या कुजक्या पुस्तकासाठी चोरी?” वसुधाताई म्हणाल्या. “किंमत किती त्याची?”

“काहीच नाही. कुणी विकतही घेणार नाही.”

“मग तर मजाच आहे.”

वसुधाताई मूळच्या नागपूरच्या, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. आयुष्य लोकांचे आजार काचपट्टीवर पाहण्यात गेलं, त्यामुळे माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. आमच्या मराठी मंडळात लोक त्यांना टरकून असतात. मीही.

“मूल्यवान वस्तू कुणीही चोरतं, प्रतापराव. बिनकिमतीची वस्तू तिला अडवण्यासाठी चोरतात. पुस्तक रीमापर्यंत पोचू नये असं कुणाला वाटत होतं?”

“मंडळात सगळे म्हणतात, तिनेच विकलं असेल. मॅन्युअल घालायची आयडिया एखाद्या हुशार मुलीचीच.”

“सगळे गेले खड्ड्यात. तुम्ही काय म्हणता?”

मी त्यांना रीमाच्या पत्राचं तेवढं सांगितलं आणि चहाचा कप उगाच फिरवला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काचपट्टीवर मीच होतो.

दसऱ्याच्या संध्याकाळी माझ्या वाचनाच्या खोलीत तिघेच गेले होते. रीमा फोन चार्ज करायला, माझा मुलगा अमेय लॅपटॉप आणायला आणि आमचा मंडळाचा अध्यक्ष, डॉक्टर प्रसन्न, हात धुवायला. खोलीला लागून बाथरूम आहे आणि तिथून चौरंगापर्यंत चार पावलं.

अमेय तोवर रेडमंडला परतला होता. वसुधाताईंनी माझ्या फोनवरून त्याला लावला आणि स्पीकर सुरू केला.

“काय रे, बापाची पुस्तकं कुठे घातलीस?”

“मावशी, व्हॉट? कुठली पुस्तकं?” मग आवाज उतरला. “ओके, लिसन. गॅरेजमधले तीन बॉक्स मी ट्रॅशमध्ये टाकले. बाबा, सॉरी. पूर्ण ब्लॅक मोल्ड होता, यार! सिल्व्हरफिश वळवळत होत्या. हात लावला तर पानं हातात चिकटली. मला उलटी आली लिटरली.”

तीन खोकी, आणि मला पत्ताच नाही.

“आणि ब्रेंटाख?”

“ते नाही. त्याला आईची साडी बांधलेली होती, बाबा. मी कसा टाकीन?”

फोन ठेवल्यावर वसुधाताई म्हणाल्या, “हा खरं बोलतोय. माणूस जेव्हा न विचारलेला गुन्हा कबूल करतो, तेव्हा विचारलेला सहसा त्याने केलेला नसतो.”

म्हणजे दोघं उरले. आणि मला, लाज वाटते सांगायला, तरीही प्रसन्नपेक्षा रीमाच जास्त शक्य वाटत होती. प्रसन्नला जर्मन येत नाही.

३

प्रसन्नचं घर म्हणजे शुगर लँडमधली प्रतिष्ठा. हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नाव, तळ्याकाठी बंगला, दिवाणखान्यात काचेची कपाटं आणि त्यात चामडी बांधणीची जुनी वैद्यकीय पुस्तकं. आम्ही गेलो तेव्हा आतलं हवा कोरडी करणारं यंत्र घुमत होतं.

“त्या मुलीचं वाईट वाटतं,” तो म्हणाला. “रुपालीला मी सांगितलं, तुझ्या मुलीने कबूल केलं तर मंडळ प्रकरण वाढवणार नाही. शेवटी आपलीच मुलं.” रुपाली म्हणजे रीमाची आई. ती त्या दिवसापासून मंडळात आलेली नाही.

“मोठं मन तुमचं,” वसुधाताई म्हणाल्या. “पुस्तकं छान ठेवलीत.”

तो खुलला. कपाटाखालून त्याने एक फवारणीची बाटली काढून दाखवली. “जुन्या कागदात ॲसिड असतं, त्याने पान पिवळं पडून कुरकुरतं. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला आधी ब्रश, मग हा क्षाराचा स्प्रे. या घरात घाण शिरत नाही. प्रताप, तुझ्या गॅरेजचा वास माझ्या शर्टाला दोन दिवस होता!”

मी हसलो. त्याच्या कोटीवर मी नेहमी हसतो. गेली दोन वर्षं आम्ही संध्याकाळी तळ्याभोवती फिरायचो आणि तो मला बोलू द्यायचा. माझं बोलणं इतकं मन लावून सरलानेही कधी ऐकलं नव्हतं. ब्रेंटाखच्या सातही नाटकांच्या गोष्टी मी त्याला सांगितल्या होत्या. त्याचं आयुष्यही.

त्या आयुष्यातली एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी, किळसवाणी असली तरी. ब्रेंटाखचा बाप हातमोजे करायचा. बड्या घरच्या बायका घालत ते पांढरे, लोण्यासारखे मऊ. कोकराचं कातडं तितकं मऊ करायला त्या काळी कुत्र्याची विष्ठा वापरत. बादली घेऊन ती गल्लोगल्ली गोळा करायचं काम लहानग्या आलोइसचं. पुढे तो व्हिएन्नात नाव कमावून बसला, पण त्याच्या प्रत्येक नाटकात हातमोजे येतात, आणि ते घातलेला प्रत्येक हात काहीतरी झाकत असतो.

निघताना वसुधाताईंनी विचारलं, “तुमचं नवं नाटक कुठवर आलं, डॉक्टर?”

“मंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनात पहिला प्रयोग. स्वतंत्र मराठी नाटक, अमेरिकेत लिहिलेलं! तालीम मात्र बंद दाराआड. सरप्राइज आहे.”

“अरे वा,” वसुधाताई म्हणाल्या. गाडीत बसल्यावर त्या पुढे म्हणाल्या, “उद्या आपण ते दार उघडू.”

४

तालमीला शिरायचा मार्ग सोपा होता. वसुधाताईंनी साबुदाणा वडे नेले. वड्यांना अध्यक्षही अडवू शकत नाही, आणि त्या संध्याकाळी अध्यक्ष आलाही नव्हता.

नायिकेचं काम करणारी आश्लेषा, पेशाने इंजिनिअर, एका वड्यासह कोपऱ्यात वैतागून बसली होती.

“काका, तुम्ही वाचणारे आहात ना? मला एक सांगा. नाटक साताऱ्याचं. महिना मे. आणि मी, जज्जची बायको, पूर्ण सेकंड ॲक्ट पांढरे हातमोजे घालून! का, तर सिम्बॉल आहे म्हणे. यार, साताऱ्यात मे महिन्यात हातमोजे कोण घालतं? स्कूटी चालवतेय का मी?”

“आणि शेवटी?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “शेवटी ते हातमोजे ती नवऱ्याच्या ताटात काढून ठेवते?”

आश्लेषाचा वडा हातातच राहिला. “तुम्हाला कोणी सांगितलं? एंडिंग कुणालाच सांगायचं नाहीये!”

मी पार्किंगमध्ये गेलो आणि गाडीला टेकून उभा राहिलो. घाम, डांबराचा वास, तळलेल्या तेलाचा ढेकर. खरोखर ओकारी येईल असं वाटलं.

वसुधाताई मागून आल्या. “झालं तर मग. पुस्तक ऑनलाइन आलं असतं, तर डॉक्टरांचं स्वतंत्र नाटक उघडं पडलं असतं. म्हणून रीमाला अडवलं.”

“असंही असेल की दोघांना एकच सुचलं...”

“प्रतापराव.”

“किंवा मी सांगितलं ते त्याच्या मनात नकळत—”

“प्रतापराव, तुम्ही चोराचं वकीलपत्र फुकट घेताय, आणि त्या पोरीला दोन ओळी लिहीत नाही. हे कसलं सज्जनपण?”

मी किल्ली काढून गाडीचं दार उघडलं.

“पुरावा मात्र नाही,” गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या. “पुस्तक त्याने जाळलं असेल तर संपलं.”

“तो जाळणार नाही,” मी म्हणालो. तेवढीच एक गोष्ट मला खात्रीने माहीत होती. “पुस्तक जमवणारा माणूस आहे तो.”

“म्हणजे ते त्या काचेमागेच आहे.”

५

दिवाळीच्या फराळाला अध्यक्षांकडे पन्नासेक माणसं होती. प्रसन्नची बायको रेखा भेळ कालवत होती. मी कपाटासमोर उभा राहिलो आणि दिसायचं ते दिसलं. जर्मन शरीरशास्त्राच्या रांगेत एक बारीक पुस्तक, नवी कोरी तपकिरी बांधणी, पाठीवर नाव नाही.

“बघू का?” वसुधाताईंनी विचारलं, आणि होकाराची वाट न पाहता काच सरकवून पुस्तक माझ्या हातात दिलं.

पुठ्ठा नवा. नावाचं पान कापलेलं. पण आतली पहिलीच ओळ मला पाठ होती. “हा ब्रेंटाख आहे.”

आजूबाजूची माणसं वळली. प्रसन्न शांतपणे आला, पेपर नॅपकिनने बोटं पुसत.

“असं? मला कुठे जर्मन येतं? लिलावात एक गठ्ठा घेतला होता, शरीरशास्त्राचा म्हणून. म्हणजे दुसरी प्रत निघाली! प्रताप, अभिनंदन. पण तुझं पुस्तक म्हणजे फाटका हिरवा पुठ्ठा आणि बुरशी. हे बघ, किती स्वच्छ.”

“माझ्या प्रतीवर खूण आहे,” मी बोलून गेलो. “पिवळा ठिपका. सरला दरवर्षी पूजेत लावायची. जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ खराब होतं म्हणून मी एकदा तिच्यावर ओरडलो, तेव्हापासून ती शेवटच्या पानाच्या आतल्या कोपऱ्यात, मला दिसणार नाही असा लावायची. ती गेल्यावर मला तो सापडला.”

पन्नास माणसांसमोर मी एवढं कधी बोललो नव्हतो. शेवटचं पान उलटलं.

ठिपका होता. पण पिवळा नव्हता. विटकरी लाल होता.

प्रसन्न हसला. सगळ्यांकडे वळून, मृदूपणे हसला. “तूच म्हणालास, पिवळा. हा तर लाल. शाई असेल, गंज असेल. प्रताप, वय झालं आपलं. त्या मुलीवर तुझी माया आहे, समजू शकतो मी.”

कुणीतरी “जाऊ दे ना काका” म्हणालं. मी माफी मागणारच होतो. शब्द तोंडात तयार होता.

६

“हळद आहे ती,” रेखा म्हणाली.

भेळेची परात तशीच ठेवून ती आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, फक्त पानाकडे. “साडीवर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की असाच लाल होतो. कुणालाही विचारा.”

चार बायका एकदम “हो, हो” म्हणाल्या.

“साबण म्हणजे क्षार,” वसुधाताई म्हणाल्या. “आणि डॉक्टरांच्या स्प्रेत काय असतं, ते त्यांनीच आम्हाला सांगितलंय. या घरात आलेलं प्रत्येक पुस्तक आधी त्यात न्हातं. गंज असेल तर आंबटाने पिवळा होणार नाही. रेखा, लिंबू आहे?”

रेखाने भेळेतली फोड उचलून त्यांच्या हातावर ठेवली. मी जन्मभर केमिकल इंजिनिअर होतो, आणि पान धरून बावळटासारखा उभा होतो. वसुधाताईंनी एक थेंब पाडला.

ठिपका कडेपासून आत पिवळा होत गेला. लख्ख, दसऱ्याच्या सकाळचा पिवळा.

खोलीत फक्त ते यंत्र घुमत होतं.

“आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणी ऑस्ट्रियन बाईने हळद लावली,” वसुधाताई म्हणाल्या. “म्हणा. आम्ही ऐकतो. मग सातारच्या जज्जबाईंच्या हातमोज्यांकडे वळू.”

मागे आश्लेषा “ओ माय गॉड” म्हणाली.

प्रसन्नने नॅपकिनची घडी घातली. “मी ते वाचवलं,” तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, हेच भयंकर. “तुझ्या घरी कुजलं असतं ते. मी जपलं, बांधून घेतलं. आणि गोष्ट? प्रताप, तूच सांगितलंस ना, तुझा ब्रेंटाख सेन्सॉरच्या कचेरीत कारकून होता? दुसऱ्यांची नाटकं बंद पाडायची आणि नावं बदलून स्वतःची म्हणून लिहायची! कुणाचं काय चोरलं मी? चोराचंच ना?”

ते खरं होतं. ब्रेंटाखने ते म्हातारपणी एका कादंबरीच्या प्रस्तावनेत जवळजवळ फुशारकीने लिहिलं आहे: मी ज्यांची तोंडं बंद केली, त्यांच्याच तोंडून बोललो. तळ्याकाठी मी ही गोष्ट किती रंगवून सांगितली होती! ऐकणाऱ्याने तिचा परवाना केला.

“त्यांची तोंडं बंदच राहिली,” मी म्हणालो. “रीमाचं तसं होणार नाही.” एवढंच सुचलं, तेही अडखळत.

त्याने हात पुढे केला, मिटवून टाकू या अशा अर्थाने. गोरा, मऊ, स्वच्छ धुतलेला हात. मला त्या कोकराच्या कातड्याची आठवण झाली. मी पुस्तक छातीशी धरून बाहेर पडलो आणि त्याच्या गुलाबांच्या वाफ्यात खरोखर ओकलो.

७

नाटक ‘तांत्रिक कारणाने’ रद्द झालं. अध्यक्ष ‘प्रकृतीमुळे’ बाजूला झाले. रुपालीला मंडळातून कुणाचाही फोन गेला नाही. दुकानात भेटलेल्या एका बाईने मला सांगितलं, “चला, सापडलं ना पुस्तक, शेवट गोड.” मी दुधीच्या ढिगाकडे बघत राहिलो.

वसुधाताईंनी त्या प्राध्यापिकेला कडक ईमेल पाठवलं. नवी बांधणी तशीच ठेवून पुस्तक विम्यासह रीमाकडे रवाना झालं. माझ्या वाट्याला फक्त उत्तर उरलं होतं.

चार मसुदे फाडले. पहिल्यात मी ब्रेंटाखवर तीन पानं लिहिली होती. दुसऱ्यात मला तुझ्यावर पहिल्यापासून विश्वास होता असं लिहिलं, आणि ते वाचून प्रसन्नच्या हाताइतकाच माझ्या हाताचा मला तिटकारा आला. शेवटी हे लिहिलं:

‘चि. रीमास,
नाही. तू पुस्तक घेतलं नाहीस.
पण हे मला लिंबाचा थेंब पडेपर्यंत माहीत नव्हतं. तू विचारलंस तेव्हा लिहिलं असतं तर त्याला किंमत होती. आता सगळ्यांनाच माहीत आहे. तू शाळेत अक्षर चुकलं की स्वतःहून खोडून दाखवायचीस, ते तरी मला आठवायला हवं होतं. प्रबंधात माझे आभार मानू नकोस.
प्रतापकाका’

पोस्टाच्या निळ्या पेटीपाशी गाडी थांबवली, खाली उतरलो, पाकीट फटीत सरकवलं. सोडताक्षणी वाटलं, ते लिंबाचं वाक्य काढायला हवं. त्याशिवायही पत्र खोटं ठरलं नसतं, आणि तिने मला पूर्वीसारखं काका म्हटलं असतं. मी फटीत बोटं घातली. चोरांच्या भीतीने हल्ली फटी अरुंद केल्या आहेत. बोटं दुसऱ्या पेराशी अडली.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी हात बाहेर काढला आणि बाजूला झालो.